आधी कान, मग बोटे : गिटार शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी आणि संकेश्वर या भागांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेक सर्वांचीच असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी बेळगावच्या वडगाव भागात राहतो आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. दीड वर्षापूर्वी गिटार घेतली आणि मोबाइलवरील व्हिडिओ पाहून शिकलो. सी, जी, डी, ए मायनर आणि ई मायनर हे कॉर्ड धरता येतात. परंतु एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना हात अडखळतो आणि गाणे थांबते. पाच-सहा गाणी अर्धवट येतात, पूर्ण एकही येत नाही. आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून सुटीच्या दिवशी दोन-अडीच तास सलग वाजवतो. तरीही प्रगती का होत नाही?

उत्तर : सर्वांत आधी सुटीच्या दिवशीचे ते अडीच तास मोडून आठवडाभर वाटावेत. पाळी कोणतीही असो, रोज वीस मिनिटे पुरेत; मात्र ती शक्यतो चुकवू नयेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यातच त्यांनी नोंदवले होते की तेवढ्याच उजळण्या एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत पसरून केल्या, तर पाठांतर अधिक पक्के होते. त्यांचे प्रयोग निरर्थक अक्षरसमूहांच्या पाठांतराचे होते, परंतु हाताने करायच्या कौशल्यांच्या बाबतीतही पुढील संशोधकांना हेच आढळले आहे. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. अडीच तासांपैकी पहिल्या अर्ध्या तासानंतर बोटे दुखू लागतात, लक्ष विचलित होते आणि उरलेला वेळ येत असलेलेच पुन्हा वाजवण्यात जातो. त्याने मनाला समाधान मिळते, पण हात तिथेच राहतो.

तासांच्या हिशेबाविषयी एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. ‘दहा हजार तास वाजवले की कोणीही पारंगत होतो’ असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आला. तेथे सर्वांत चांगल्या गटातील विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या पुढे होती. म्हणजे त्या गटातही अनेकांचा सराव याहून कमी होता. शिवाय एरिक्सन यांचा भर तासांवर नव्हताच. आपल्याला नेमके काय येत नाही ते ओळखून त्यावर पूर्ण लक्ष देऊन केलेला सराव, आणि अशा सरावांच्या मध्ये पुरेशी विश्रांती, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या पत्रात बोटांविषयी बरेच काही आहे, पण आपण काय ऐकता याविषयी एक शब्दही नाही, आणि माझ्या मते मूळ अडचण तिथेच आहे. व्हिडिओवर शिकणारा माणूस शिकवणाऱ्याची बोटे पाहतो आणि आपली बोटे त्याच जागी ठेवतो. कॉर्ड कधी बदलायचा हे त्याला मोबाइलवर दिसणारे अक्षर सांगते. त्यामुळे व्हिडिओ बंद झाला की बदलाची जागा आतून येत नाही, ती आठवावी लागते, आणि आठवण्यात जो क्षण जातो तोच आपल्याला हात अडखळल्यासारखा जाणवतो. यासाठी जे गाणे वाजवायचे ते आधी गिटार बाजूला ठेवून गावे. आवाज चांगला असण्याची गरज नाही. सूर जवळपास लागला तरी पुरे. गाताना मांडीवर ठेका धरावा आणि चालीखालचा आधार जिथे बदलल्यासारखा वाटतो तिथे दुसऱ्या हाताने टिचकी वाजवावी. चार-पाच वेळा असे केले की बदल नेमका कोणत्या अक्षरावर येतो ते कानाला कळते. त्यानंतरच गिटार हातात घ्यावी. आपल्याकडच्या भजनी मंडळातील टाळकऱ्याला समेची जागा कोणी लिहून देत नाही, तरी ती त्याची चुकत नाही. आपल्याला ती सवय लहानपणापासून असेल तर तिचा उपयोग करावा.

कानाने जागा ओळखली तरी बोटांचे काम उरतेच. कॉर्ड बदलताना बहुतेकजण सगळी बोटे तारांपासून उचलतात आणि नव्या जागी एकेक करून ठेवतात. खरे तर बऱ्याच जोड्यांत एखादे बोट हलवावेच लागत नाही. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या (सर्वांत बारीक तार ती पहिली) पहिल्या पडद्यावर, म्हणजे मानेवरील धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीमागे, आणि मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर तसेच राहते. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येते. जी चार बोटांनी धरला, म्हणजे अनामिका दुसऱ्या तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवली, तर डीवर जाताना अनामिका जागची हलत नाही. अशा स्थिर राहणाऱ्या बोटांचा शोध प्रत्येक जोडीसाठी आधी घ्यावा. जी बोटे हलवावी लागतात, ती तारेपासून फार उंच जाऊ देऊ नयेत.

उजव्या हाताचा एक नियम मात्र कठोरपणे पाळावा : डावा हात पोहोचला नाही तरी उजवा हात थांबू द्यायचा नाही. नवा कॉर्ड अर्धवट धरला गेला, दोन तारा मुक्या राहिल्या, तरी मात्रेवर हात खाली आलाच पाहिजे. उजवा हात थांबून डाव्याची वाट पाहू लागला, की थांबण्याचीच सवय पक्की होते आणि गाणे दरवेळी त्याच जागी अडते. यासाठी लय पुरेशी मंद हवी. मोबाइलवर मेट्रोनोमचे, म्हणजे समान ठोके देणारे, ॲप घेऊन मिनिटाला साठ ठोक्यांनी सुरुवात करावी आणि चार ठोक्यांना एक कॉर्ड ठेवावा. त्यातही हात अडखळला तर पन्नासवर यावे. लागोपाठ तीन वेळा स्वच्छ वाजले तरच चार-पाच ठोके वाढवावेत. तबला शिकणारा आधी ठाय, म्हणजे संथ लयीत कायदा (बोलांची बांधलेली रचना) बसवतो आणि मगच दुगुनीत जातो, ही शिस्त गिटारलाही जशीच्या तशी लागू पडते.

वीस मिनिटांची आखणी करताना एकच जोडी वीस मिनिटे घोटू नये. पाच मिनिटे सी आणि ए मायनर, पाच मिनिटे जी आणि डी, मग गाण्यातील अडणारी ओळ आणि पुन्हा पहिली जोडी, असे फिरत राहावे. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या एका प्रयोगात असे दिसले, की तीन हालचाली आलटून पालटून शिकणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडत होते. परंतु काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत एकेक हालचाल सलग घोटणाऱ्यांपेक्षा तेच पुढे होते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा सरावात सुरुवातीला अधिक चुका होतात आणि शिकणारा निराश होऊन पुन्हा सलग घोटण्याकडे वळतो.

अर्धवट गाण्यांचे कारणही सरावाच्या पद्धतीत आहे. आपण प्रत्येक वेळी गाणे पहिल्या ओळीपासून सुरू करत असणार, त्यामुळे पहिली ओळ शंभरदा आणि शेवटची ओळ चारदा वाजते. पाच गाण्यांपैकी चार काही काळ बाजूला ठेवा. उरलेल्या एका गाण्यात जिथे हात अडतो, त्या जागेच्या दोन मात्रा आधीपासून दोन मात्रा पुढेपर्यंत एवढाच तुकडा घ्या आणि रोजचा सराव तिथूनच सुरू करा. तो तुकडा बसला की त्याच्या आधीची ओळ जोडा. आठवड्यातून एकदा पूर्ण गाणे न थांबता वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना न जाणवलेली लयीतील ओढाताण ऐकताना लगेच लक्षात येते, आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे ते त्यावरूनच ठरते.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहते आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. दादाची जुनी गिटार वाजवते. बोटांची टोके फार दुखतात आणि एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. पावसाळ्यात तर तारा आणखी कडक वाटतात आणि दिवसातून चारदा सूर लावावा लागतो. माझ्या हातात ताकद कमी आहे का?

उत्तर : तुझ्या हाताला दोष देण्याआधी गिटार तपासून पाहा. स्टीलच्या पट्टीने बाराव्या पडद्याच्या वरच्या कडेपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोज. स्टीलच्या तारांच्या गिटारला ते सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आत असावे. ते चार-साडेचार मिलिमीटर निघाले, तर एफ कॉर्ड मोठ्या वादकालाही जड जाईल. दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. कुणाकडून तरी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, माग, तो पहिल्या पडद्यावर लाव आणि त्याच्या पुढे एफचाच आकार धरून पाहा. तिथे तो सहज वाजला, तर दोष मानेच्या टोकाकडच्या खाचा असलेल्या पट्टीत आहे. तिच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत. खाचा खोल करणे किंवा पुलावरील, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या तुकड्यावरील, पट्टी खालून घासणे हे थोडक्या वेळाचे काम असते, पण ते घरी करू नये. एकदा जास्त घासले गेले तर तार पडद्यावर आपटून झणझणते. तंबोऱ्यावर जवारी काढून हीच झणझण मुद्दाम मिळवतात, गिटारवर मात्र ती नकोशी होते. बेळगावला जाशील तेव्हा वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे गिटार ने आणि तारा बदलताना दहा नंबरचा हलका सेट घाल. जाड तारांच्या सेटपेक्षा त्याला बराच कमी दाब लागतो.

पावसाविषयीचे तुझे निरीक्षण अगदी बरोबर आहे. गिटारच्या लाकडाला साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा त्याहून कितीतरी दमट असते. लाकूड ओलावा शोषून फुगते, वरची फळी पुलाजवळ किंचित उचलली जाते, त्याबरोबर ताराही उंचावतात आणि सूर हलतो. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके कडेला हाताला टोचू लागतात. पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नये. ती बंद पेटीत किंवा जाड कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेव, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पूस, म्हणजे त्या लवकर गंजणार नाहीत. गंजलेली तार खरखरीत होते आणि बोटे अधिक सोलते.

बोटांच्या टोकांची कातडी काही आठवड्यांत घट्ट होते. तोपर्यंत दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन सराव कर. पाण्यात भिजलेल्या बोटांनी, भांडी किंवा कपडे धुतल्यावर लगेच, वाजवू नकोस. टोकांची चुरचुर चालेल. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली तर मात्र त्याच क्षणी थांबायचे. तो चुकीच्या बैठकीचा किंवा जास्त दाबाचा इशारा असतो. बोट पडद्याच्या धातूला लागून, त्याच्या किंचित मागे ठेवले की कमीत कमी दाबात सूर स्वच्छ येतो. एकेक तार छेडत दाब हळूहळू कमी करत जा आणि सूर कुठे मरतो ते ऐक. त्याच्या जरासा वर तुला लागणारा दाब असतो. बहुतेक मुले त्याच्या दुप्पट जोराने दाबत असतात.

एफसाठी घाई करू नकोस. आधी पहिली तार मोकळी सोडून दुसरीचा पहिला, तिसरीचा दुसरा आणि चौथीचा तिसरा पडदा धर. हा एफ मेजर सेव्हन अनेक गाण्यांत एफच्या जागी शोभतो. मग तर्जनीने फक्त पहिल्या दोन तारा दाबून चार तारांचा छोटा एफ कर. तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायचा पूर्ण आकार पहिल्या पडद्याऐवजी पाचव्यावर शिक. तिथे तारा मऊ लागतात आणि पडद्यांमधील अंतरही कमी असते. तिथून आठवड्याला एकेक पडदा मागे येत गेलीस, की पहिल्या पडद्यावर पोहोचेपर्यंत हात तयार झालेला असेल.

प्रश्न : निपाणीजवळच्या खेड्यातून लिहीत आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो असून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. नातवाने गिटार आणली आहे आणि मलाही ती शिकावीशी वाटते. या वयात जमेल का? त्यासाठी इंग्रजी नोटेशन शिकावे लागेल का? आणि भजनाला गिटारची साथ करता येईल का?

उत्तर : गुरुजी, आपण पेटी वाजवता म्हणजे गिटारसाठी लागणारा कान आपल्याकडे तयारच आहे, आणि तो तयार व्हायला इतरांना वर्षे लागतात. बोटे थोडी ताठर असतील, म्हणून हलक्या तारा घालाव्यात आणि सुरुवातीला पाच मिनिटे हात मोकळे करावेत. यापलीकडे वयाची अडचण मला दिसत नाही. साथीपुरत्या इंग्रजी नोटेशनची आवश्यकता नाही. आपल्याला सरगम येते, तिच्यातूनच कॉर्ड समजून घ्यावेत.

पांढरी एक हा सा धरला, तर सी मेजर म्हणजे सा, ग, प. एफ म्हणजे म, ध, सा. जी म्हणजे प, नी, रे. ए मायनर म्हणजे ध, सा, ग. डी मायनर म्हणजे रे, म, ध. आणि ई मायनर म्हणजे ग, प, नी. पेटीवर हे तीन-तीन स्वर एकत्र दाबून पाहावेत, म्हणजे प्रत्येकाचा रंग कानात बसेल. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे मोजल्या तर पेटीच्या भाषेत त्या पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा वरची तीन अशा लागतात. मंडळात वाजवताना ट्यूनरवर, म्हणजे सूर जुळला की नाही ते दाखवणाऱ्या यंत्रावर, विसंबू नये, कारण भजनातील जुन्या पेट्या आजच्या प्रमाण सुराला नेमक्या जुळतातच असे नाही. गिटारच पेटीला लावून घ्यावी.

गाणाऱ्याची पट्टी बदलली की कॅपो कामी येतो. पुरुषांच्या आवाजाला पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोन सोयीची पडते. काळी एकला कॅपो पहिल्या पडद्यावर लावून सीच्या पट्टीतील आकार वाजवावेत. काळी दोनला पहिल्याच पडद्यावर कॅपो ठेवून डीच्या पट्टीतील आकार घ्यावेत. पांढरी चारला डीचे आकार आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर. भगिनी मंडळात काळी चार किंवा काळी पाच असेल तर जीचे आकार घ्यावेत, कॅपो अनुक्रमे पहिल्या आणि तिसऱ्या पडद्यावर. जीच्या आकारांत आडव्या बोटाचा एफ लागत नाही, हा त्यातील आणखी एक फायदा. नातवाला एवढे पाठ करून दिलेत तर तोही मंडळात बसू शकेल.

साथ करताना हात आवरता ठेवावा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पखवाज आणि टाळ यांनी जागा भरलेली असते, तिथे प्रत्येक मात्रेवर सगळ्या तारा खडखडवल्या तर शब्द बुडतात. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर कॉर्डचा आघात आणि मध्ये अंगठ्याने खर्जातील एखादी तार, एवढे पुरेसे आहे. भूपातील अभंगाला प्रत्येक ओळीत नवा कॉर्ड देण्याचा मोह टाळावा. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे म असलेला एफ आणि नी असलेला जी हे दोन्ही चालीला खुपतात. सी आणि ए मायनर मात्र पूर्णपणे त्याच्या स्वरांत बसतात. कुठे शंका आली तर फक्त सा आणि प या दोन स्वरांची जोडी वाजत ठेवावी, तिने कोणत्याही चालीचे नुकसान सहसा होत नाही. शेवटच्या भैरवीसाठी पांढरी तीन हा सा समजावा : पांढऱ्या पट्ट्यांवर तिथून भैरवीचे सगळे स्वर मिळतात, हे आपण पेटीवर अनुभवले असेलच. गिटारवर त्याला ई मायनर, एफ, ए मायनर आणि डी मायनर हे कॉर्ड लागतात. आपल्या भागात एकाच बैठकीत अभंगानंतर कन्नड दासरपदही गायले जाते. चालीचे स्वर तपासण्याची ही रीत त्यालाही तशीच उपयोगी पडेल.

प्रश्न : अथणीहून एक आई लिहीत आहे. अकरा वर्षांच्या मुलाला गिटार हवी आहे. नायलॉनच्या तारांची घ्यावी की स्टीलच्या? गावात शिक्षक नाहीत, ऑनलाइन शिकला तर चालेल का?

उत्तर : मुलाचा हात लहान असेल तर पाऊण मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. तिने बोटे कमी दुखतात, आणि अकराव्या वर्षी गिटार सुटते ती बहुधा दुखण्यामुळेच. तिची मान थोडी रुंद असते, परंतु लहान मापात ती अडचण फारशी जाणवत नाही. एक काळजी अवश्य घ्यावी : नायलॉनच्या गिटारला पुढे कधीही स्टीलच्या तारा चढवू नयेत. त्यांचा ताण कितीतरी अधिक असल्याने पूल उखडतो. गिटारबरोबर तिच्या मानेच्या टोकाला लावायचा क्लिपचा ट्यूनर घ्यावा आणि पहिल्या आठवड्यात मुलाने दुसरे काही न शिकता सूर लावायला शिकले तरी चालेल. बेसूर वाद्यावर सराव केला तर कान बिघडतो.

ऑनलाइन शिकवणी थेट असेल, म्हणजे शिक्षक समोरून मुलाचे वाजवणे ऐकत आणि पाहत असतील, तर ती चांगली. केवळ व्हिडिओंवर सोपवायचे असल्यास एकच क्रमबद्ध अभ्यासक्रम निवडून तो शेवटपर्यंत न्यावा आणि महिन्यातून एकदा तरी जवळच्या जाणकाराकडून बैठक आणि मनगट तपासून घ्यावे. घरात आपण एक गोष्ट निश्चित करू शकता. मुलाला आवडणाऱ्या गाण्याची एक ओळ त्याला गुणगुणायला सांगावी आणि तीच ओळ एका तारेवर, कागद किंवा व्हिडिओ न पाहता, शोधायला लावावी. सुरुवातीला त्याला वेळ लागेल, पण जागा सांगून टाकू नये. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात असत. ती प्रतिभा असामान्यच होती, परंतु ऐकून उचलण्याची रीत सामान्य मुलालाही शिकता येते, आणि अकराव्या वर्षी ती फार लवकर अंगवळणी पडते.

प्रश्न : संकेश्वरला राहतो. तीन वर्षे गायन शिकलो, आता गिटार वाजवतो. गिटारवर राग वाजवता येतो का? मींड कशी काढावी? यमन वाजवायला बसलो की तो यमनसारखा वाटत नाही.

उत्तर : वाजवता येतो, मात्र पडद्यांच्या गिटारला दोन मर्यादा आहेत आणि त्या आधी समजून घ्याव्यात. पहिली मर्यादा स्वरांची. गिटारचे पडदे समान बारा भागांच्या स्वरसप्तकाप्रमाणे बसवलेले असतात. तंबोऱ्याबरोबर गाताना आपला कान ज्या शुद्ध गंधारावर स्थिरावतो, तो गिटारच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. हे अंतर एका अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाएवढे आहे. तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही, म्हणून हा फरक पूर्ण मिटत नाही. दुसरी मर्यादा मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्याची. सतारीवर एकाच पडद्यावर तार ओढून अनेक स्वर घेता येतात. गिटारवर हलक्या तारांनीही साधारण एका पूर्ण स्वराएवढीच ओढ मिळते. ब्रिजभूषण काब्रा आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळालेले विश्वमोहन भट यांच्या वादनात जी लांब मींड ऐकू येते, ती गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवण्याच्या पद्धतीतून येते. त्या पद्धतीत बोट पडद्यावर दाबले जात नाही, त्यामुळे पडद्यांचे बंधनही राहत नाही. आपले मन रागवादनातच असेल, तर ती पद्धत शिकवणारे गुरू शोधावेत.

हातातल्या गिटारवर यमन शोधायचा असेल, तर कॉर्ड पूर्ण विसरून तंबोऱ्याच्या आधाराने एकेका स्वराकडे जावे. सहावी तार एक स्वर उतरवून डीला, म्हणजे पांढरी दोनला लावावी. आता चौथी तार सा, पाचवी पंचम आणि सहावी खर्जाचा सा झाली, म्हणजे वाद्यातच तंबोरा तयार झाला. अंगठ्याने या तारा संथपणे छेडत राहाव्यात आणि चाल वरच्या दोन तारांवर वाजवावी. दुसऱ्या तारेचा दुसरा पडदा नी आणि तिसरा सा. पहिली तार मोकळी सोडली की रे, तिचा दुसरा पडदा ग, चौथा तीव्र म, पाचवा पंचम, सातवा ध, नववा नी आणि दहावा तार सा. एखाद्या स्वराखाली कॉर्ड द्यावासा वाटलाच, तर तो ई मेजर, म्हणजे रे, तीव्र म, ध, असा असावा. शुद्ध म असलेला जी मेजर एकदाही वाजू देऊ नये.

आपला यमन यमनसारखा वाटत नाही, याचे कारण मला असे दिसते की आपण सा पासून सरळ चढत असावात. गुरूंकडे शिकताना आपण ‘नी रे ग’ असाच उठाव घेतला असेल. तो आधी गावा, मग दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरून पहिल्या मोकळ्या तारेवर आणि तिथून दुसऱ्या पडद्यावरच्या गंधारावर यावे, आणि आपला गाताना जेवढा वेळ गंधारावर मुक्काम असतो तेवढाच वेळ गिटारवरही थांबावे. गिटारचा सूर आवाजापेक्षा लवकर विरतो, म्हणून त्या मुक्कामात सा आणि पंचमाच्या तारा पुन्हा छेडाव्यात आणि गंधार पूर्ण विरल्यावरच पुढच्या स्वराकडे जावे.